खताचे निम्मे मोल गोठ्यातच जिरते

रब्बीच्या पेरण्या उरकल्या की घराघरांत खताचा विषय निघतो तो युरियाच्या गोणीपासून. दुकानात माल आला का, रांग किती आहे, दुकानदार गोणीबरोबर आणखी काही गळ्यात मारतो का, अशी चर्चा ओट्यावर रंगते. त्याच वेळी घरामागच्या उकिरड्यावर कोंबड्या उकरत असतात आणि गोठ्यातून निघालेले तांबूस पाणी रस्त्याकडेच्या गटारात जाऊन मिळत असते. शेतकरी बंधू-भगिनींनो, मला आज बोलायचे आहे ते या तांबूस पाण्याविषयी. शेणखत चांगले, ते घालावे, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. पण खताचे निम्मे मोल शेणात नसून मुतात असते, आणि ते आपण उकिरड्यापर्यंतसुद्धा पोहोचू देत नाही, हे मात्र अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही.

जरा हिशेब मांडून पाहू. एका मोठ्या जनावरापासून दिवसाला दहा किलो शेण आणि पाच लिटर मूत्र मिळते असे धरा. लहान चणीची देशी गाय थोडे कमी देईल, म्हैस किंवा संकरित गाय बरेच जास्त देईल. ताज्या शेणात नत्र सुमारे ०.३ ते ०.४ टक्के असते, मूत्रात ते १ टक्क्याच्या आसपास असते. पालाश शेणात थोडे, पण मूत्रात सव्वा टक्क्याच्याही पुढे. स्फुरद मात्र बहुतेक सगळे शेणात. म्हणजे वर्षभराच्या शेणात बारा-तेरा किलो नत्र, आणि वर्षभराच्या मूत्रात अठरा किलो नत्र व चोवीस किलो पालाश. जनावर दिवसा रानात असते, म्हणून मूत्राचा हा आकडा निम्मा करा. तरीसुद्धा दोन जनावरांचे केवळ रात्रीचे मूत्र वर्षाला अठरा किलो नत्र देते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत एकवीस किलोंच्या वर नत्र नसते. बैलजोडी असलेल्या प्रत्येक घरी जवळजवळ एक गोणी युरिया दर वर्षी गोठ्याच्या जमिनीत मुरतो, असा त्याचा अर्थ.

हे सभेत सांगितले की कुणीतरी हमखास उठतो. "साहेब, युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते. त्यासाठी मुताच्या मागे कोण लागणार? एका दिवसाची मजुरी त्याहून जास्त होते." प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. युरिया स्वस्त आहे, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग सरकार सोसते. पण चोवीस किलो पालाश विकत घ्यायचे तर म्युरेट ऑफ पोटॅशची चाळीस किलो भरती लागते. ते सगळे परदेशातून येते आणि त्याची गोणी युरियाच्या गोणीच्या कित्येक पट महाग आहे. केळी, ऊस, द्राक्षे, हळद, बटाटा करणाऱ्यांना हे मी सांगायला नको. शिवाय गोणीतून सेंद्रिय कर्ब येत नाही. मुताने भिजलेले काड कुजले म्हणजे तो येतो. आज शेणखताची ट्रॉली विकत घ्यायला निघा, मग कळेल की शेजारी फुकट दिसणारा उकिरडा किती हजारांचा आहे.

आता हे नत्र जाते कसे ते पाहू. मूत्रातले नत्र बहुतांशी युरियाच्याच रूपात असते, गोणीतला तोच युरिया. जमिनीवर पडताच सूक्ष्म जिवाणू त्यावर काम सुरू करतात आणि त्याचा अमोनिया वायू होऊ लागतो. पहाटे गोठ्याचे दार उघडल्यावर नाकात शिरतो, डोळ्यांना झोंबतो, तो वास याच वायूचा. ज्या गोठ्यात डोळे चुरचुरतात तिथे खत हवेत उडते आहे असे समजावे. वासाने जनावरांनाही त्रास होतो, विशेषतः वासरांना खोकला धरतो. उरलेले नत्र आणि पालाश पाण्याबरोबर वाहून किंवा मुरून जाते.

उपाय जुनाच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. जनावराखाली दर रात्री दोन-तीन किलो कोरडे काड अंथरावे. सोयाबीनचे भुस्कट, गव्हाचे काड, भाताचा पेंढा, गव्हाणीत उरलेली कडब्याची चिपाडे, उसाचे कुट्टी केलेले पाचट, झाडाखालचा पालापाचोळा, घरात जे असेल ते चालते. सकाळी शेणासकट ते ओले काड उचलावे. ज्या शेतकऱ्याने सोयाबीनचे भुस्कट बांधावर पेटवून दिले आणि गोठा मात्र उघडा ठेवला, त्याने एकाच दिवशी दोन नुकसाने केली.

काडच नसेल तर कोरडी माती. इंदूरच्या संस्थेत सर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ पासून कंपोस्टवर जे काम केले आणि १९३१ साली पुस्तकरूपाने मांडले, त्यात गोठ्यातल्या मुताने भिजलेल्या मातीला मोठा मान आहे. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची, तीन-चार महिन्यांनी वरचा थर खणून काढायचा, ढेकळे फोडून ती माती कंपोस्टच्या थरांत घालायची आणि गोठ्यात नवी कोरडी माती भरायची. एका कोरडवाहू गावात एका आजीबाईंच्या घरी मी हे अगदी वेगळ्या रूपात पाहिले. त्या रोज संध्याकाळी उन्हात वाळवलेली पांढरीची माती पाटीभर आणून म्हशीच्या मागल्या पायांशी टाकत. कशासाठी, असे विचारले तर म्हणाल्या, "चिखल होत नाही, म्हस घसरत नाही." खताचा हेतू त्यांच्या मनात नव्हता. पण गावात सगळ्यात काळेभोर खत त्यांच्याच उकिरड्यात निघत असे.

फरशीचा किंवा सिमेंटचा गोठा असेल तर दहा फुटांना तीन इंच या बेताने उतार द्यावा, मागे उथळ नाली काढावी आणि ती झाकणाच्या पिंपात किंवा पुरलेल्या माठात सोडावी. साठलेले मूत्र रोजच्या रोज खड्ड्यातल्या काडावर ओतावे. चार-चार दिवस उघडे ठेवले तर त्यातले नत्र उडून जाते आणि उरते ते नुसते दुर्गंधीचे पाणी. गोठा धुवायला धो-धो पाणी वापरू नये. आधी खराट्याने लोटून घ्यावे, मग लागेल तेवढेच पाणी टाकावे.

एक गोष्ट मुद्दाम माता-भगिनींसाठी. चुलीतली राख शेणाच्या ढिगावर टाकण्याची सवय घरोघरी आहे. राख क्षारधर्मी असते. ती ओल्या शेणामुतात पडली की अमोनिया आणखी जोराने उडतो. चुन्याचेही तसेच. राखेत पालाश आहे, ती वाया घालवू नये, पण तिची जागा वेगळी ठेवावी. केळीच्या, नारळाच्या आळ्यात किंवा परसातल्या वाफ्यात ती थेट घालावी. घरात गॅस आला असला तरी पाण्याचा बंब आणि बाहेरची चूल अजून पुष्कळ ठिकाणी पेटते, म्हणून हे सांगतो. आणि गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, डॉक्टरने वापरून टाकलेल्या सुया व बाटल्या? हल्लीच्या उकिरड्यातून ट्रॉली भरली की निम्मा वेळ हे वेचण्यात जातो, आणि न वेचलेले वाफ्यात जाते. कचऱ्याचे टोपले दोन करा, एवढेच.

खरे पाहता या विषयावर बोलावे ते बायकांशीच. आमच्या सभांना पुरुष येतात आणि शेण काढतात घरच्या बाया. खड्डा कुठे खोदायचा हे पुरुष ठरवतात आणि टोपले डोक्यावर घेऊन तिथवर चालते ती. खड्डा गोठ्यापासून शंभर पावलांवर असेल तर ओले जड काड तिथे रोज जाणार नाही, ते वाटेतच कुठेतरी पडणार. म्हणून जागा ठरवताना घरच्या लक्ष्मीला विचारावे आणि जमले तर एक हातगाडी आधी घ्यावी, फवारणीपंप नंतर.

जागा उंचवट्याची हवी, सावलीची हवी, आणि विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब, शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला. हे शेवटचे कुणी हसण्यावारी नेऊ नये. उकिरड्यातून झिरपणारे नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये असे भारतीय मानक सांगते. जास्त झाले तर वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

खड्ड्याची रीत अशी. पंचवीस फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल. चार-पाच जनावरांच्या घराला असे दोन खड्डे पुरतात. सगळा खड्डा एकदम भरायला घेऊ नये, ही त्यातली गोम आहे. एका टोकाची तीन फूट लांबी धरावी आणि रोजचे शेण, भिजलेले काड, मूत्र तिथेच पसरत जावे. थर जमिनीच्या वर दीड-दोन फूट आला की माथा घुमटासारखा करून शेणमातीने लिंपावा आणि पुढच्या तीन फुटांना हात घालावा. लिंपल्याने ओल टिकते, वास मरतो, माशा बसत नाहीत आणि नत्र आत राहते. पहिला खड्डा भरून झाला की दुसरा सुरू करावा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत तयार झालेले असते. लिंपल्यापासून चार ते पाच महिने लागतात. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती वीतभर उंचीचा बांध घालावा.

ओल बरोबर आहे का हे मुठीने पाहावे. मूठभर खत घट्ट दाबले असता गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. पाणी निथळले तर कोरडे काड वाढवावे, गोळा फुटला तर पाणी किंवा मूत्र शिंपडावे. कोकणात व घाटमाथ्यावर मात्र खड्ड्याच्या भानगडीत पडू नये, तिथे खड्ड्याची विहीर होते. जमिनीवरच ढीग करून वर झापांचे किंवा पत्र्याचे छप्पर घालावे. शेण थोडे आणि पालापाचोळा पुष्कळ अशी स्थिती असेल त्यांनी पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत वापरावी. तिच्याविषयी पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे.

ऐपत असेल तर थर भरताना गाडीभर खताला बारा किलो या प्रमाणात सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरावे. त्यातले जिप्सम अमोनियाला धरून ठेवते आणि शेणखतात मुळात कमी असलेले स्फुरदही वाढते. पिकाला जे सुपर फॉस्फेट द्यायचेच आहे, तेच आधी खड्ड्यात घालायचे, जादा खर्च नाही.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना वाटते, गॅस जळला म्हणजे खतातला जीव गेला. तसे नाही. गॅसमध्ये कर्ब जातो, नत्र रबडीतच राहते, उलट पिकाला लवकर लागू पडेल अशा रूपात येते. म्हणूनच ती रबडी उन्हात वाळवून गोवऱ्यांसारखी पोती भरू नयेत. वाळताना हे नत्र उडते. रबडी काडात जिरवून खड्ड्यात घालावी किंवा पाटाच्या पाण्याबरोबर सरळ पिकाला द्यावी. गोवरी जाळल्यावर मात्र नत्र आणि कर्ब दोन्ही संपतात, हातात फक्त राख उरते.

अलीकडे काही तरुण मंडळी बंदिस्त वराहपालनाकडे वळली आहेत. पांढरी यॉर्कशायर डुकरे, सिमेंटची खोली, बाहेर एक टाकी. डुकराचे खत शेतात चालते का, असे ते दबक्या आवाजात विचारतात. चालते, आणि चांगले चालते. पण ते शेणासारखे हाताळून भागत नाही. शेण आणि मूत्र एकत्र होऊन त्याची पातळ रबडी होते आणि तशीच टाकीत साठवली तर हवेशिवाय सडून घाण सुटते. शक्यतो घट्ट भाग खोऱ्याने ओढून रोज वेगळा काढावा, भरपूर काडात मिसळावा आणि मुठीच्या कसोटीला उतरेल असा ढीग लावावा. चार-पाच दिवसांत ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. ही उष्णता हवीच आहे. डुकरांच्या पोटातल्या जंतांची अंडी फार चिवट असतात, नुसत्या साठवणीने मरत नाहीत, मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ५५ अंशांच्या वर काही दिवस तापलेला आणि दोन-तीनदा उलथापालथ करून बाहेरचा भाग आत घातलेला ढीगच भरवशाचा. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाण्याच्या पिकांना हे खत पुरते कुजल्याशिवाय देऊ नये.

दुसरे असे की डुकराला धान्यातले बरेचसे स्फुरद पचत नाही, ते विष्ठेतून बाहेर पडते. खाद्यातले जस्त व तांबेही थोडे उतरते. म्हणून दर वर्षी त्याच त्या जवळच्या वावरात टाकत राहिले तर स्फुरद साचत जाते. वावर बदलावे आणि माती तपासून घ्यावी. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा रोग २०२० साली आसामात दिसल्यापासून देशात शिरला आहे. माणसाला तो होत नाही, पण विष्ठेतून आणि बुटांच्या तळव्यांतून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. डुकरे अचानक मरू लागली तर खत कुणालाही देऊ नये, पशुवैद्याला बोलवावे.

आणि ती टाकी! झाकलेल्या टाकीत सडलेल्या रबडीतून, विशेषतः ढवळताना, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. तो सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस आत उतरतो, कोसळतो, आणि त्याला वर काढायला दुसरा उतरतो. अशा घटनांत एका घरातले दोघे-तिघे जातात. गोबरगॅसच्या टाकीलाही हेच लागू. पडलेली बादली काढायलासुद्धा कुणी आत उतरू नये. मुलांनी चढू नये म्हणून वर जाळी बसवावी.

आता शेवटचा मुक्काम, शेत. इथे वर्षभराची मेहनत पंधरा दिवसांत वाया जाताना मी पाहतो. चैत्र-वैशाखात गाड्या मोकळ्या असतात, म्हणून खत शेतात नेले जाते आणि दहा-दहा फुटांवर लहान ढिगुले घालून ठेवले जातात. महिना-दीड महिना ती उन्हात भाजतात. ओल जाते, जिवाणू मरतात, उरलासुरला अमोनिया उडतो. मग एखादा वळीव ढिगुल्याखालचीच जमीन तेवढी खतावतो. पुढे उभ्या पिकात ठिकठिकाणी गडद हिरवे चट्टे दिसतात आणि मधले पीक पिवळट, ते त्यामुळेच. पाऊस लागल्यावर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर रानात जात नाही, ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी ढिगुले घालण्याची गरज नाही. बांधाच्या कडेला एकच मोठा ढीग करावा, वर चार बोटे मातीचा थर द्यावा. शेवटच्या कुळवाच्या पाळीच्या दिवशी, सकाळी किंवा ऊन कलल्यावर पसरावे आणि त्याच दिवशी मातीत मिसळावे. रबडीच्या बाबतीत तर एका दिवसाचाही उशीर नको.

कच्चे खत मात्र नेऊच नये. त्याबरोबर तणाचे बी जाते आणि हुमणीचाही धोका वाढतो. उकिरड्यात दिसणारी प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणीच असते असे नाही. नारळाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची पिलावळही तिथेच वाढते. कोणतीही असो, ढीग उलटा करताना कोंबड्या सोडाव्यात, त्या चोख काम करतात. खत झाले की नाही हे वासावरून ओळखावे. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला, रंग काळपट झाला, शेण आणि काड वेगळे ओळखू येईनासे झाले, की झाले.

अशा खताची अर्ध्या टनाची एक गाडी सरासरी अडीच किलो नत्र, एक किलो स्फुरद आणि अडीच किलो पालाश देते. त्यातले नत्र पहिल्या हंगामात तिसरा हिस्साच पिकाला मिळते, बाकीचे पुढे मिळत राहते. म्हणून शेणखत घातले त्याच वर्षी युरिया एकदम बंद करू नये, माती परीक्षणाच्या अहवालावरून हळूहळू उतरवावा. चार जनावरांच्या घरी नीट साठवले तर वर्षाला पंधरा-वीस गाड्या खत निघते. ते पाच एकरांवर चिमूटभर-चिमूटभर उधळण्यापेक्षा दर वर्षी दीड-दोन एकरांचा एक तुकडा धरावा, एकरी दहा गाड्या घालाव्यात, आणि पुढच्या वर्षी शेजारचा तुकडा घ्यावा. कोणत्या साली कुठे घातले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे, म्हणजे तिसऱ्या वर्षी वाद होत नाही.